हिरव्या टिकची घाई: डिजिटल सेवांचे स्क्रीन घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पेमेंट ॲप, बँकांची मोबाइल ॲप आणि शासकीय पोर्टल यांचे स्क्रीन ठरवणारे डिझाइनर, प्रॉडक्ट मॅनेजर आणि अभियंते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातील एका बँकेच्या शाखेत डिजिटल व्यवहारांच्या तक्रारींचे काम पाहते. आपण तयार केलेल्या स्क्रीनवर एखादा व्यवहार अडकला, दोनदा झाला, भलत्याच्या खात्यात गेला किंवा झाला की नाही तेच कळेनासे झाले, की ती व्यक्ती मोबाइल हातात धरून माझ्या टेबलासमोर येऊन बसते. म्हणजे आपले काम मी रोज पाहते, पण ते बिघडलेल्या अवस्थेतच पाहते. सुरळीत पार पडलेले व्यवहार माझ्याकडे येत नाहीत आणि त्यांची संख्या बिघडलेल्यांच्या कितीतरी पट आहे, याची मला जाणीव आहे. तरीही तक्रारींमध्ये एक गोष्ट इतक्या सातत्याने दिसते की ती आपल्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते. व्यवहार अडकू शकतो हे आता बहुतेक ग्राहकांना ठाऊक झाले आहे आणि तेवढ्यावरून कोणी फारसे चिडत नाही. ते चिडतात ते स्क्रीनने एक सांगितले आणि खात्यात दुसरेच घडले म्हणून. असे होण्याच्या मुळाशी गेले तर बहुधा एकच कारण सापडते, ते म्हणजे प्रत्यक्षात जेवढे काम झाले आहे त्यापेक्षा जास्त झाल्याचे दाखवून वेगवान दिसण्याची घाई.

वेगाविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना वर्धा रोडवरच्या पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या माणसाला स्क्रीनवरचे गोल चक्र पाहत थांबायला लावणे हा छळच आहे. संगणकासमोर माणसाचा धीर किती टिकतो, याचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. रॉबर्ट मिलर या संशोधकाने १९६८ मध्ये त्याची मांडणी केली आणि वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये ती तीन आकड्यांत बसवली. प्रतिसाद ०.१ सेकंदात आला तर तो तत्काळ आल्यासारखा वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांपलीकडे लक्ष दुसरीकडे वळते. आपणा सर्वांना हे आकडे पाठ असतील. मी त्यात माझ्या टेबलावरची एक भर घालते. व्यवहार पैशांचा असेल तर त्या १० सेकंदांनंतर माणसाचे लक्ष दुसरीकडे वळत नाही, त्याचे बोट पुन्हा त्याच बटणाकडे वळते. त्यामुळे संथपणानेही विश्वासाचे नुकसानच होते, आणि 'सुरक्षिततेसाठी थोडे थांबावे लागेल' असे सांगून ढिसाळ, जडशीळ ॲप लोकांच्या गळ्यात मारणाऱ्यांची बाजू मी येथे घेत नाही.

यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनलाही (एनपीसीआय) हे उमगलेले दिसते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याच्या विनंतीला उत्तर देण्यासाठी ३० सेकंदांची मुदत होती, ती १६ जून २०२५ पासून १५ सेकंदांवर आणण्यात आली, आणि व्यवहाराची स्थिती तपासण्याची व व्यवहार उलटवण्याची मुदत ३० वरून १० सेकंदांवर आली. हा खरा वेग आहे, कारण त्यासाठी बँकांना आपापल्या यंत्रणा सुधाराव्या लागल्या. माझी तक्रार दुसऱ्या प्रकारच्या वेगाविषयी आहे, जो यंत्रणेत नसतो आणि फक्त स्क्रीनवर असतो.

आपल्या व्यवसायात 'ऑप्टिमिस्टिक यूआय' या नावाची एक पद्धत रूढ आहे. सर्व्हरचे उत्तर येण्याची वाट न पाहता ते होकारार्थीच येईल असे धरून निकाल आधीच दाखवून टाकायचा आणि पुढे नकार आलाच तर तो निकाल मागे घ्यायचा, असा तिचा थोडक्यात कारभार आहे. एखाद्याच्या फोटोला लाइक देताना हे अगदी योग्य आहे, कारण ते लाइक हरवले तरी कोणाचे घर बुडत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल ५ ते ३० सेकंदांत परत घेता येतो, तोही याच जातीचा पण अधिक प्रामाणिक प्रकार आहे. तिथे मेल त्या काळापुरता रोखून धरलेला असतो आणि 'रद्द करा' हा पर्याय समोर दिसत राहतो, त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा वेग आणि वापरणाऱ्याचा हक्क हे दोन्ही सांभाळले जातात. हीच सवय विचार न करता पैशांच्या व्यवहारात उचलून आणली की प्रश्न सुरू होतात.

यूपीआयचा प्रवास आपल्याला माहीत आहेच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून तो थोडक्यात सांगते. ॲपमधून निघालेली विनंती ॲपशी जोडलेल्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे जाते आणि तिथून पाठवणाऱ्याच्या बँकेकडे जाते. ती बँक पिन तपासून रक्कम खात्यातून वजा करते आणि तसे कळवते. मग घेणाऱ्याच्या बँकेला ती रक्कम जमा करण्यास सांगितले जाते, आणि जमा झाल्याचे उत्तर आले की ते उलट वाटेने दोन्ही बाजूंना पोचते. म्हणजे रक्कम वजा होणे आणि रक्कम जमा होणे या दोन निराळ्या घटना आहेत, त्या बहुतेकदा दोन निराळ्या बँकांत घडतात, आणि त्यांच्या मधल्या काळात पैसे पाठवणाऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात पण घेणाऱ्याच्या खात्यात आलेले नसतात. एरवी हा काळ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतो. घेणाऱ्याच्या बँकेचा सर्व्हर तुंबलेला असेल तर मात्र तो मिनिटांचा आणि क्वचित तासांचाही होतो. स्क्रीनची खरी परीक्षा याच मधल्या काळात असते, आणि डिझाइनच्या बैठकांत सर्वांत कमी वेळ याच स्क्रीनला मिळत असावा अशी मला दाट शंका आहे.

काही काळापूर्वी इतवारीतील एक ठोक किराणा व्यापारी आणि त्यांचा गिऱ्हाईक, दोघेही एकदमच माझ्याकडे आले. गिऱ्हाइकाने तेलाच्या डब्यांचे पैसे पाठवले होते आणि त्याच्या मोबाइलवर मोठी हिरवी टिक आली होती. व्यापाऱ्याच्या खात्यात काहीच जमा नव्हते, त्यामुळे त्याने माल उचलू दिला नाही. दोघांची कित्येक वर्षांची ओळख होती, तरी आवाज चढले होते. एक म्हणत होता की मी काय खोटा स्क्रीनशॉट करून आणला का, आणि दुसरा म्हणत होता की माझ्या पासबुकात दाखव. मी तो स्क्रीनशॉट बोटांनी मोठा करून पाहिला. हिरव्या टिकच्या खाली रक्कम, तिच्या खाली मिळालेल्या कूपनची रंगीत जाहिरात, आणि त्याच्याही खाली फिकट राखाडी बारीक अक्षरांत 'बँकेकडून पुष्टीची प्रतीक्षा' अशी एक ओळ होती. दोघेही खरे बोलत होते. ॲपनेही तांत्रिकदृष्ट्या खरेच सांगितले होते, पण जे खरे होते ते राखाडीत आणि जे अजून व्हायचे होते ते हिरव्यात. पैसे दुसऱ्या दिवशी जमा झाले. त्या व्यापाऱ्याने मात्र 'पैसे खात्यात दिसल्याशिवाय माल उचलायचा नाही' अशी पाटी गल्ल्यावर लावल्याचे मला नंतर कळले.

आता दुकानांतल्या साउंडबॉक्सकडे पाहा. बर्डीवरचा पानठेला असो, कॉटन मार्केटमधला भाजीवाला असो की गोकुळपेठेतले पुस्तकांचे दुकान, सगळीकडे ती छोटी डबी 'अमुक रुपये प्राप्त झाले' असे मोठ्याने सांगत असते. गर्दीत हात गुंतलेल्या दुकानदाराला सारखा मोबाइल उघडून पाहता येत नाही, ही तिची सोय आहेच. पण तिचे आणखी एक काम आहे. गिऱ्हाइकाने समोर धरलेल्या स्क्रीनवर दुकानदाराचा विश्वास उरलेला नाही. हुबेहूब यशाची स्क्रीन दाखवणारी बनावट ॲप फिरू लागल्यावर तर तो उरणेही शक्य नव्हते. म्हणून दुकानदार बहुतेकदा महिन्याचे भाडे भरून एक वेगळे यंत्र ठेवतो, जे घेणाऱ्याच्या बाजूची खबर देते. आपल्या सर्वांत देखण्या स्क्रीनने जे सिद्ध करायचे, ते सिद्ध करण्यासाठी दुकानदार दरमहा पदरचे पैसे मोजतो, ही गोष्ट मला या व्यवसायासाठी फार बोलकी वाटते.

मधली अवस्था दाखवली तर लोक गोंधळतील, घाबरतील, म्हणून ती लपवावी लागते, असा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. तो मला पटत नाही, आणि त्याचे कारण प्रत्येकाच्या खिशात आहे. व्हॉट्सॲपवर घड्याळाचे चिन्ह असेल तर संदेश अजून फोनमधून निघालेला नाही, एक टिक असेल तर तो निघाला आहे, दोन टिक असतील तर समोरच्याच्या फोनवर पोचला आहे आणि त्या निळ्या झाल्या तर वाचला गेला आहे, हे ज्यांना लिहिता-वाचता फारसे येत नाही अशा आजींनाही नेमके कळते. कोणी त्यांना त्याचे प्रशिक्षण दिलेले नाही. एका क्षुल्लक 'शुभ सकाळ'साठी आपण माणसाला चार अवस्था सांगतो आणि त्याला त्या समजतात, मग त्याच्या महिन्याच्या घरभाड्यासाठी एकच हिरवी टिक का? 'आपल्या खात्यातून निघाले' आणि 'त्यांच्या खात्यात पोचले' अशा दोन वेगळ्या खुणा, वेगळ्या रंगांत आणि एकमेकींइतक्याच ठळक दाखवल्या, तर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा मोठा हिस्सा टेबलापर्यंत येणारच नाही असे मला वाटते. आणि यात वेग एका सेकंदानेही कमी होत नाही. पहिली खूण तर आजच्याइतकीच लवकर दाखवता येईल.

याच मधल्या अवस्थेतून दुसरी, अधिक महागात पडणारी चूक जन्माला येते. महाल भागात राहणारे एक वयस्कर काकाजी विजेचे बिल भरत होते. पिन टाकल्यावर चक्र बराच वेळ फिरले आणि मग स्क्रीनवर आले, 'काहीतरी चूक झाली. पुन्हा प्रयत्न करा.' खाली एकच ठळक निळे बटण होते, त्यावरही तेच लिहिलेले. काकाजींनी पुन्हा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पैसे कटले. 'तुम्ही दोनदा कशाला दाबलं?' असे त्यांच्याबरोबर आलेल्या मुलाने जरा चिडूनच विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, 'त्यानंच सांगतलं ना, पुन्हा करा म्हणून.' या उत्तरावर माझ्याकडे काही बोलण्यासारखे नव्हते. ज्याला चूक म्हणायचे ती त्यांची नव्हतीच, त्यांनी स्क्रीनची आज्ञा पाळली होती.

'काहीतरी चूक झाली' या एका वाक्याखाली तीन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी दडपलेल्या असतात. विनंती फोनमधून बाहेरच पडली नाही, ही पहिली. विनंती गेली आणि स्पष्ट नकार आला, ही दुसरी. विनंती गेली पण उत्तर आले नाही, ही तिसरी. पहिल्या दोहोंत पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. तिसऱ्यात पुन्हा प्रयत्न करण्यासारखी धोक्याची गोष्ट नाही, आणि नेमक्या त्याच वेळी माणसाचा हात सर्वांत जास्त शिवशिवत असतो. या तिन्हींपैकी कोणती गोष्ट घडली हे बहुतेक वेळा ॲपला माहीत असते. ग्राहकाला ते सांगायचे नाही असे कोणीतरी ठरवलेले असते, कारण तीन स्क्रीन करण्यापेक्षा एक करणे सोपे आणि प्रकाशनाची तारीख जवळ आलेली. त्याच बिलासाठी, तेवढ्याच रकमेची, काही मिनिटांत दुसऱ्यांदा आलेली विनंती ही पहिलीचीच पुनरावृत्ती मानावी, यासाठी प्रत्येक प्रयत्नाला एकच ओळखक्रमांक जोडण्याची पद्धत, जिला आपण 'आयडेम्पोटन्सी की' म्हणता, ती जगभर वापरात आहे. ती नसेल तर निदान दुसरा पिन मागण्याआधी 'याच ग्राहक क्रमांकाचे बिल आपण नुकतेच भरले असून त्याचे उत्तर यायचे आहे' एवढे वाक्य तरी दिसावे.

तिसऱ्या गोष्टीसाठी नियमही आहेत, आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयवरून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी, व्यापाऱ्याला केलेल्या पेमेंटच्या बाबतीत पाच दिवसांत परत यायला हवी, आणि त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला न मागता मिळायला हवी. ही तीन वाक्ये अडकलेल्या व्यवहाराच्या स्क्रीनवर लिहिली असती तर किती माणसांची रात्रीची झोप वाचली असती! शिवाय १ ऑगस्ट २०२५ पासून अडकलेल्या व्यवहाराची स्थिती ॲपला तीनदाच आणि दर वेळी किमान ९० सेकंदांच्या अंतराने तपासता येते. म्हणजे तिथे चक्र फिरवत ठेवण्याला आता अर्थच उरलेला नाही. 'उत्तर आले की आम्ही कळवू, तोवर पुन्हा भरू नका, पैसे अमुक तारखेपर्यंत परत येतील' असे सांगून माणसाला मोकळे करणे हीच त्या क्षणी सर्वांत वेगवान सेवा आहे.

आता उलट बाजू. काही ठिकाणी माणसाला मुद्दाम थांबवायला हवे आणि तिथे आपण त्याला पळवता. कुठे पळू द्यावे आणि कुठे थांबवावे याचे एक चांगले उदाहरण यूपीआयमध्येच आहे. छोट्या रकमांसाठी असलेल्या यूपीआय लाइटमध्ये १,००० रुपयांपर्यंतच्या पेमेंटला पिन लागत नाही, पण त्यात एका वेळी ५,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवताही येत नाहीत. चहा-पोह्यांच्या पैशांसाठी पिन मागणे हा उपद्रव आहे आणि घराच्या इसाराची रक्कम एका टिचकीत जाणे हा धोका आहे, एवढे साधे तारतम्य त्यामागे आहे. पण बहुतेक ॲपमध्ये पिनच्या आधीची स्क्रीन १०० रुपयांना आणि ९०,००० रुपयांना अगदी सारखीच दिसते.

३० जून २०२५ पासून पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवणे बंधनकारक झाले. आपल्या फोनमध्ये 'राजू प्लंबर' म्हणून साठवलेले नाव आता चालत नाही. नियम उत्तम आहे. परंतु ते नाव बारीक अक्षरांत सर्वांत वर आणि 'पुढे' हे बटण अंगठ्याखाली असेल, तर नाव वाचले जाण्याची शक्यता किती? माझी सूचना अशी आहे की ज्या खात्यात यापूर्वी कधीच पैसे पाठवलेले नाहीत, तिथे नाव स्क्रीनच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत यावे, रक्कम अक्षरी लिहून यावी, आणि बटण दोन क्षण उशिराने सक्रिय व्हावे. १,५०० आणि १५,००० यांतला फरक उन्हात, चष्म्याशिवाय दिसत नाही, 'पंधरा हजार रुपये' मात्र दिसते. दुसऱ्या वेळेपासून हा सगळा सोहळा वगळावा. रोजच्या दूधवाल्यासाठी रोज थांबायला लावले तर माणूस न वाचताच पुढे जायला शिकेल आणि ज्या दिवशी खरेच थांबायला हवे त्या दिवशीही थांबणार नाही.

इशाऱ्यांचे नेमके हेच झाले. 'पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही' हे वाक्य वर्षानुवर्षे स्क्रीनवर होते, तरी पैशांची मागणी पाठवून लोकांकडून पिन टाकून घेणारे भामटे थांबले नाहीत. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली. मला तो निर्णय योग्य वाटतो. रोज दिसणारा पिवळा पट्टा हा काही काळाने रंगकामाचा भाग होऊन जातो, आणि त्याच्या भरवशावर धोक्याची सोय चालू ठेवणे ही जबाबदारी ग्राहकावर ढकलण्याची सभ्य रीत आहे.

थांबवण्याचे नाटक मात्र करू नये. २०११ मध्ये रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी प्रवासाच्या शोधसेवांवर प्रयोग करून दाखवले होते की आपल्यासाठी काय काम चालू आहे हे दिसत असेल, तर थोडा वेळ थांबावे लागूनही लोकांना ती सेवा अधिक मोलाची वाटते. या निष्कर्षाचा सोयीस्कर अर्थ काढून, मागे काहीही घडत नसताना कुलपाचे चित्र फिरवत 'सुरक्षितता तपासत आहोत' असे दाखवणे, किंवा ९९ टक्क्यांपर्यंत धावत जाऊन तिथेच ठाण मांडणारी पट्टी लावणे, हेही खोटेच आहे. फरक एवढाच की एकात नसलेला वेग दाखवलेला असतो आणि दुसऱ्यात नसलेले काम. ज्या दिवशी ग्राहकाला हे कळते, त्या दिवशी त्याचा खऱ्या तपासणीवरचाही विश्वास उडतो.

प्रवेश करताना एक वेग आणि बाहेर पडताना दुसरा, ही सवय तर सर्वांनाच जडलेली दिसते. ऑटोपे, म्हणजे ठरलेल्या वेळी पैसे आपोआप कापले जाण्याची सोय, चालू करायला एक टिचकी, बंद करायला पाच पडदे आणि मध्ये 'तुम्हाला नक्की सवलत गमवायची आहे का' असा टोमणा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत, आणि त्यांत खोटी घाई, सदस्यत्वाचा सापळा आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हे तिन्ही आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय असावा असे म्हटले आहे. यावर अधिक लिहीत नाही, कारण हा मुद्दा समजण्याचा नसून दानतीचा आहे.

शासकीय पोर्टलवाल्यांसाठी दोन शब्द वेगळे. जून महिन्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी पालकांची जी धावपळ होते, ती आपण सेवा केंद्रांवर पाहिलीच असेल. तिथे वेगाची अपेक्षा कोणीच करत नाही. अर्धा तास बसून भरलेला अर्ज सत्र संपल्यामुळे कोरा होऊ नये, फाइल मोठी आहे हे ती चढवण्याआधी कळावे आणि अर्ज गेला की पावतीवर क्रमांकाबरोबर 'अमुक तारखेपर्यंत दाखला मिळणे हा आपला हक्क आहे' असे लिहिलेले असावे, एवढीच अपेक्षा असते. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहेच. ती तारीख मोजून छापायला यंत्राला काय लागते?

आपण काय मोजता, यावर बरेच अवलंबून आहे. बटण दाबल्यापासून यशाची स्क्रीन येईपर्यंतचा वेळ आपण मिलिसेकंदांत मोजता. त्याबरोबर यशाची स्क्रीन आणि प्रत्यक्ष जमा यांतले अंतर मोजावे, एकाच बिलासाठी दोनदा पिन टाकणाऱ्यांची संख्या मोजावी, आणि हिरवी टिक दिसल्यावर लगेच शिल्लक तपासणारे किती, तेही मोजावे. शिल्लक तपासण्यावर १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमध्ये दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली, ती यंत्रणेवरचा भार कमी करण्यासाठी. माझ्या टेबलावरून दिसते ते असे, की लोक शिल्लक तपासतात ते बऱ्याचदा आपल्या टिकवर विश्वास नसल्यामुळे. प्रत्येक पेमेंटमागे शिल्लक पाहणाऱ्या माणसासाठी आपले पेमेंट तीन सेकंदांचे नसते, तर पिन दोनदा टाकण्याएवढ्या वेळाचे असते.

शेवटी एक अगदी छोटी मागणी, जी पुढच्याच आवृत्तीत पुरी करता येईल. तक्रार नोंदवताना मला व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक लागतो. अनेक ॲपमध्ये तो दोन पडदे आत असतो, आणि तिथेही जागा पुरत नाही म्हणून मधले अंक गाळून टिंबे घातलेली असतात. लोक कागदावर ती टिंबेसुद्धा इमानदारीने उतरवून आणतात. तो क्रमांक अडकलेल्या व्यवहाराच्या पहिल्याच स्क्रीनवर, पूर्ण, चार-चार अंकांच्या तीन गटांत आणि एका स्पर्शात कॉपी होईल असा द्यावा, आणि त्याच्या शेजारी 'तक्रार नोंदवा' हे बटण 'पुन्हा प्रयत्न करा' या बटणाच्याच आकाराचे असावे.

कळावे.

आपली विश्वासू,
डिजिटल तक्रार विभागातील एक बँक कर्मचारी,
नागपूर